सामानाजवळ राहिलेल्यांचा वाटा

वाचन : १ शमुवेल ३०:१–२५, १ इतिहास २२:१–१०



बडोदे शहराच्या जुन्या कोटाला चार दरवाजे आहेत. त्यांपैकी पश्चिमेचा तो लहरीपुरा दरवाजा. त्याच्या आसपास एका कुटुंबाच्या घरी आमची मराठी प्रार्थनासभा भरते. खाली दुकानांची वर्दळ आणि रिक्षांचे भोंगे, वर माडीवर सतरंजी अंथरून बसलेली दहापंधरा माणसे. आम्ही पाळक नव्हे. नोकरी सांभाळून धर्मशास्त्राचा डिप्लोमा केला, म्हणून मंडळी प्रेमाने आम्हांस वचन सांगावयास बोलावतात, इतकेच.

एका शुक्रवारी सभेतील एका मावशींनी उपकारस्तुतीची विनंती केली. त्यांच्या मुलास विमानांचे भाग जोडण्याच्या कामावर कायम करण्यात आले होते. त्यांनी पेढेही आणले होते. आम्ही प्रार्थनेस उभे राहणार, तोच कोपऱ्यातले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “बाळ, ती विमाने लढाईत जातात ना रे? मग आभार नेमके कशाचे मानायचे, तेवढे सांगा.”

माडीवर शांतता पसरली. मावशींचा चेहरा उतरला. मुलगा मात्र रागावला नाही. तो आमच्याकडे वळून म्हणाला, “काका, मीही हेच विचारतो. मी फक्त रिव्हेट बसवतो. त्यापुढचे माझ्याकडे लागते का?”

आम्ही काय केले? सर्व कामे प्रभूची म्हणून मन लावून करावी, हे कलस्सैकरांस पत्रातले वचन घाईघाईने सांगितले आणि प्रार्थना उरकली. वचन खरेच आहे. पण त्या मुलाने विचारले होते निराळेच. पेढे वाटले गेले. त्याने आपला पेढा हातातच ठेवला, खाल्ला नाही. जिना उतरताना आम्हांस लाज वाटली. त्या आठवड्यात आम्ही जे वाचले, शोधले व प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवले, तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण हा प्रश्न आता बडोद्यात घरोघरी येणार आहे. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या शहरात सी-२९५ या लष्करी वाहतुकीच्या विमानाचा कारखाना सुरू झाला. हवाई दलाने मागविलेल्या ५६ विमानांपैकी ४० येथे जोडावयाची आहेत. आपल्या मंडळ्यांतली मुलेमुली अशा कामांवर जातील. त्यांना आपण काय सांगणार आहोत?

बसोर ओहोळापाशी

प्रथम शास्त्रवचनाकडे वळू. दावीद व त्याचे सहाशे लोक सिकलागास परतले, तो गाव जळून गेलेला. अमालेकी लोकांनी बायकामुले धरून नेली होती. रडण्याचीही शक्ती राहिली नाही इतके ते लोक रडले, आणि मग पाठलागास निघाले. बसोर ओहोळापाशी दोनशे जण इतके थकले की त्यांना पाणी ओलांडवेना. ते तेथेच राहिले. चारशे पुढे गेले, लढले आणि सर्व काही सोडवून आले.

परत आल्यावर काही दुष्ट लोक म्हणाले की, जे आमच्याबरोबर आले नाहीत त्यांना लुटीतले काही द्यावयाचे नाही. आपली बायकामुले घ्यावी आणि चालते व्हावे. दावीदाने तसे होऊ दिले नाही. जे मिळाले ते परमेश्वराने दिले आहे, म्हणून लढणारा व सामान राखणारा या दोघांचा वाटा सारखाच, असा त्याने निर्णय दिला, आणि पुढे तो इस्राएलात नियमच झाला.

येथे एक बारीक गोष्ट पाहावी. दहाव्या वचनात हे दोनशे लोक केवळ थकलेले आहेत. त्यांना काही काम दिल्याचे तेथे सांगितलेले नाही. चोविसाव्या वचनात मात्र दावीद त्यांना सामान राखणारे म्हणतो. लोकांनी ज्यांना मागे पडलेले मानले, त्यांना दावीदाने पहारेकरी ठरविले. आणि वाटणीचा वाद निघण्याच्या आधीच त्याने जवळ जाऊन त्यांची खुशाली विचारली होती.

पहिली गोष्ट : उडणाऱ्याचा जीव जोडणाऱ्याच्या हातात असतो

आपल्या देशात विमानाचा पहिला कारखाना उभारण्याचे धाडस सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी केले. म्हैसूर संस्थानाच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली आणि १९४१ मध्ये तेथे जोडलेले पहिले विमान उडाले. पुढे जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, तेव्हा १९४२ मध्ये सरकारने कारखाना हाती घेतला, आणि १९४३ पासून तो अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीचे केंद्र झाला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून थकून आलेली बॉम्बफेकी व मालवाहू विमाने तेथे येत. आपले हजारो कामगार त्यांची इंजिने उघडीत, पत्रे बदलीत आणि त्यांना पुन्हा उडण्याजोगी करीत. त्या कामगारांची नावे कोठल्याही स्मारकावर आमच्या पाहण्यात नाहीत.

लढाई संपल्यावर इंग्रजांच्या हवाई दलाने आपली कित्येक लिबरेटर बॉम्बफेकी विमाने कानपूरला सोडून दिली. ती कोणाला पुन्हा उडविता येऊ नयेत अशी मोडतोड करून ठेवली होती. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताला बॉम्बफेकी विमानांची गरज पडली, तेव्हा बंगलोरचे कारागीर तेथे गेले. त्या भंगारातून त्यांनी एकेक विमान उभे केले. ती कानपूरहून बंगलोरला उडवत नेण्याचे काम कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांच्याकडे होते. अशी सुमारे चाळीस विमाने तयार झाली आणि त्यांतील काही १९६८ पर्यंत आपल्या हवाई दलात राहिली.

त्या वैमानिकाचा क्षणभर विचार करा. समोर मोडके विमान, हातात कारागिराचा शब्द. अमुक बोल्ट आम्ही आवळला आहे, अमुक नळी आम्ही तपासली आहे, एवढ्यावर विसंबून त्याला आकाशात जावयाचे आहे. त्या कारागिराने आळस केला असता तर चूक त्याची आणि मरण दुसऱ्याचे, असे झाले असते.

इंग्लंडातही तेच होते. तेथे लँकेस्टर नावाची चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने एकंदर ७,३७७ बांधली गेली. त्यांतील थोडी कॅनडात झाली. पूर्वी कधी कारखान्याची पायरी न चढलेल्या हजारो स्त्रिया रात्रपाळीस जाऊन हे काम करीत. एका विमानात सात जण जात. इंग्लंडच्या बॉम्बफेकी दलात सुमारे सव्वा लाख वैमानिक व त्यांचे सोबती होते. त्यांपैकी ५५,५७३ मरण पावले. दहांतले चाराहून अधिक परत आले नाहीत, आणि त्यांतले बहुतेक विशीतले तरुण होते. त्यांच्यासाठी रिव्हेट बसविणाऱ्या बायका म्हणजे त्यांच्या बहिणी, त्यांच्या आया. कामात कुचराई केली तर कोणाचे मूल जाईल हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

म्हणून त्या मुलास आम्ही पहिले उत्तर हे देतो : बाळ, पुढचे तुझ्याकडे लागते. तू जे जोडतोस त्याच्या आधाराने कोणाचा तरी मुलगा जमिनीपासून हजारो फूट वर बसतो. तुझ्या प्रामाणिकपणावर त्याचा जीव आहे. हे लहान काम नव्हे, आणि अशा कामाबद्दल देवाचे आभार मानण्यास लाजू नये.

हेच मंडळीतही आहे. उपदेशकाचे नाव पत्रिकेत छापले जाते. सतरंज्या झटकणारा, घंटा वाजविणारा, हिशेबाची वही लिहिणारा, आजारी सासूजवळ बसावे लागते म्हणून उपासनेस न येऊ शकणारी सून, ही सारी बसोर ओहोळापाशी राहिलेली माणसे आहेत. वाटणीच्या वेळी प्रभू त्यांची खुशाली आधी विचारील.

दुसरी गोष्ट : वाटा लुटीचा तसा ओझ्याचाही

येथवर थांबलो असतो तर उपदेश गोड झाला असता. पण त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नसते. वाटा सारखा असेल, तर तो केवळ यशाचा असून कसे चालेल? विमानाने जे केले त्याचा जमाखर्च उडविणाऱ्याच्या एकट्याच्या नावावर लिहून, मी फक्त रिव्हेट बसवला, असे म्हणता येईल काय?

१९४३ च्या उन्हाळ्यात हँबर्ग शहरावर लागोपाठ रात्री बॉम्ब पडले आणि आगीच्या वादळात तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत बायका होत्या, मुले होती, आणि कारखान्यांतले कामगारही होते. इकडे जपानी बॉम्ब एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टण व काकिनाडा येथे पडले, डिसेंबरात कलकत्त्यावर पडले. म्हणजे खाली असणे कसे असते हे आपल्या देशालाही ठाऊक आहे. लढाई कोणी सुरू केली आणि कोणता पक्ष न्यायाचा होता, हा प्रश्न क्षुल्लक नाही. हिटलरचा जुलूम थांबविणे अवश्य होते. तरी जळणाऱ्या मुलाला पक्ष नसतो.

त्या काळी हे बोलून दाखविणारा एक ख्रिस्ती पुढारी होता. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल ९ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभागृहात उभे राहिले. लष्करी ठिकाणांवर हल्ला करणे वेगळे आणि सबंध शहरे जाळणे वेगळे, असे त्यांनी सरकारला विचारले. आपल्याच देशाची मुले विमानांत मरत असताना हे बोलणे सोपे नव्हते. पुष्कळांना ते रुचले नाही. पण बेलसाहेब वैमानिकांचे वैरी नव्हते. वैमानिक व कामगार यांच्या हातून काय करवून घेतले जात आहे, हे त्यांनी त्यांच्या वतीने विचारले.

यात आपण बडोदेकरही अगदी बाजूला नाही. गायकवाड संस्थानाच्या देणगीवरून इंग्लंडच्या हवाई दलातील १२४ व्या स्क्वॉड्रनला बडोद्याचे नाव दिले होते. स्पिटफायर ही तिची विमाने. १९४४ मध्ये ती दिवसा जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना संरक्षण देत जर्मनीकडे जात होती. संस्थानाचा पैसा तो शेवटी रयतेचाच. लहरीपुऱ्याच्या बाजारात तागडी धरणाऱ्या माणसाने ते विमान कधी पाहिले नसेल. तरी त्याच्या गावाचे नाव त्या आकाशात होते.

आणखी एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाची ७ वी व ८ वी स्क्वॉड्रन ज्या बॉम्बफेकी विमानांतून लढली, त्या विमानाचे नाव होते व्हेंजन्स. व्हेंजन्स म्हणजे सूड. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सांगतो की सूड हा प्रभूचा अधिकार आहे, आपला नव्हे. माणसाने तो शब्द उचलून पत्र्याच्या यंत्राला दिला. त्या विमानांतून गेलेले आपले जवान शूर होते, त्यांच्यामुळे इंफाळच्या लढाईत पायदळाला आधार मिळाला. शौर्य त्यांचे खरे. पण नाव ज्याने ठेवले त्याने देवाच्या हातची वस्तू मागितली.

आता पुन्हा त्याच अध्यायाकडे चला. दावीदाच्या माणसांना रानात एक मिसरी मुलगा सापडला. तो अमालेकी धन्याचा चाकर. आजारी पडला म्हणून धन्याने त्याला टाकून दिले. तीन दिवस व तीन रात्री त्याच्या पोटात अन्नपाणी नव्हते. सिकलाग जाळणाऱ्या टोळीबरोबर तोही होता, आणि त्याने ते लपविले नाही. दावीदाच्या माणसांनी त्याला आधी भाकर, अंजीर, मनुका व पाणी दिले. मग दावीदाने विचारपूस केली.

अमालेकी माणसाने चाकराचे हात वापरले आणि हात थकताच माणूस फेकून दिला. दावीदाने थकलेल्यांना वाटा दिला. लढाईचा कारखाना असो की शांततेचा, या दोन रीतींपैकी कोणती तेथे चालते हे ख्रिस्ती माणसाने पाहावे. आणि तो मिसरी मुलगा आपल्याला आणखीही शिकवितो. मी फक्त चाकर होतो, असे म्हणून त्याने हात झटकले नाहीत. आम्ही सिकलाग जाळले, असे तो म्हणाला. त्याचे हे आम्ही म्हणणे आम्हांस फार मोठे वाटते.

तिसरी गोष्ट : उरलेले लोखंड कशास लावायचे

मग हा दुहेरी वाटा घेऊन माणसाने जगावे कसे? त्याचे उत्तर दावीदाच्या उतारवयात सापडते. परमेश्वराचे मंदिर बांधावे ही त्याची मोठी इच्छा. पण देवाने त्याला सांगितले की, तू पुष्कळ रक्त पाडले आहेस, म्हणून माझे घर तू बांधू नयेस. लक्षात घ्या, ज्या लढायांत देवानेच त्याला जय दिला होता, त्यांतले रक्तही देवाच्या दृष्टीआड झाले नव्हते. न्यायाची लढाई झाली म्हणून सांडलेल्या रक्ताचे पाणी होत नाही.

हे ऐकून दावीद रुसून बसला नाही, आणि मी राजा होतो, मला करावेच लागले, असा वादही त्याने घातला नाही. १ इतिहासाच्या बाविसाव्या अध्यायात त्याने काय जमविले त्याची यादी आहे. घडीव दगड, गंधसरूचे लाकूड, तोलता येणार नाही इतके पितळ, आणि दरवाजांच्या खिळ्यांसाठी व सांध्यांसाठी पुष्कळ लोखंड. बांधणार शलमोन, आणि दावीद सामान गोळा करणार. बसोरच्या थकलेल्या माणसांना ज्याने सामान राखणारे असे मानाचे नाव दिले, तो राजा म्हातारपणी स्वतःच सामानाजवळ येऊन बसला. ज्या हातांनी तलवार धरली ते हात खिळ्यांचे लोखंड मोजू लागले.

आमच्या काळाजवळचे असे एक उदाहरण आहे. लेनर्ड चेशायर हे इंग्लंडच्या बॉम्बफेकी दलातले नामांकित वैमानिक. शंभराहून अधिक मोहिमा त्यांनी केल्या आणि १९४४ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हा इंग्लंडचे निरीक्षक म्हणून ते एका विमानात होते. युद्ध त्यामुळे थांबले असे ते पुढेही म्हणत, आणि त्यावर मतभेद होऊ शकतो. पण लढाईनंतर ते सन्मान कुरवाळीत बसले नाहीत. १९४८ मध्ये कर्करोगाने मरणाच्या दारी असलेला एक निराधार माणूस त्यांनी घरी आणला आणि स्वतः त्याची शुश्रूषा केली. तेथून अपंग व असाध्य रोग्यांची आश्रयस्थाने निघाली. आपल्या देशातले पहिले १९५० च्या दशकात मुंबईत अंधेरीस सुरू झाले. लढाईनंतर ते कॅथॉलिक मंडळीत गेले होते. पण नागासाकी पाहिलेले डोळे अंधेरीच्या खाटेवरील रोग्याकडे वळले, यात प्रभूचे काम आहे असे आम्ही मानतो.

आता शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. हा अध्याय शिकविताना मुलांना केवळ चारशे वीरांचे चित्र काढावयास देऊ नका. पाने तीन द्या. एकावर लढून आलेले, दुसऱ्यावर सामान राखणारे, तिसऱ्यावर रानात पडलेला मिसरी मुलगा. आणि प्रार्थना करावयाची तर तिघांसाठी शिकवा : जो विमान उडवितो त्याच्यासाठी, जो ते जोडतो त्याच्यासाठी, आणि त्या विमानाच्या सावलीत ज्याचे घर आहे त्याच्यासाठी. शत्रूसाठी प्रार्थना करावी ही प्रभु येशूची आज्ञा आहे, आणि ती लढाईच्या दिवसांत तहकूब होत नाही.

पुढल्या शुक्रवारी आम्ही लहरीपुऱ्यास गेलो. आदल्या आठवड्याचे उत्तर अपुरे होते, असे सभेपुढे कबूल केले आणि वर लिहिले ते थोडक्यात सांगितले. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे काका, आभारही मानायचे आणि हिशेबही ठेवायचा.” आम्ही म्हणालो, “होय, दोन्ही. आणि कधी असे काम समोर आले की ज्याचा हिशेब प्रभूपुढे देता येणार नाही असे तुझे अंतःकरण सांगेल, त्या दिवशी एकटा राहू नकोस. आम्हांस सांग. नोकरी गेली तर मंडळीने तुझ्या घरी धान्य पोहोचविले पाहिजे. तोही आमचा वाटा.” मग ते वृद्ध गृहस्थ स्वतःच उठले. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्याच्या हातांसाठी केली, त्याच्या विमानातून जाणाऱ्यांसाठी केली, आणि खाली राहणाऱ्यांसाठीही केली. मावशी डोळे पुसत होत्या. त्या दिवशी पेढे नव्हते, नुसता चहा होता. मुलाने तो घेतला.

हे प्रभो, सामानाजवळ राहिलेल्यांची तू खुशाली विचारतोस, याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या हातांतून जे जाते ते कोठे पोहोचते, हे पाहावयास आम्हांस डोळे दे. यशात जसा आम्ही वाटा मागतो तसा ओझ्यातही घ्यावयास धैर्य दे. आणि आमच्याजवळ उरलेले लोखंड तुझ्या घराच्या खिळ्यांस लागो. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.